लिलावाच्या रात्रीचे गुण

हल्ली कुठल्याही लीगचा लिलाव संपला की तासाभरात मोबाईलवर संघांचं प्रगतिपुस्तक येऊन पडतं. या संघाला 'ए', त्याला 'बी प्लस', तिसऱ्याला 'डी'. कोण जिंकलं, कोण फसलं, कोणी पैसे पाण्यात घातले, सगळं ठरलेलं. अजून एक चढाई झालेली नसते, एक चेंडू पडलेला नसतो, पण निकाल लागलेला असतो. आम्हा शिक्षकांना कोणी सांगितलं की जूनमध्ये हजेरीपटावर नावं चढवा आणि त्याच संध्याकाळी मार्चचा निकाल लावून मोकळे व्हा, तर आम्ही त्याला वेड्यात काढू. खेळाच्या बाबतीत मात्र हेच काम टाय लावलेली माणसं टीव्हीवर करतात आणि आपण ते गंभीरपणे ऐकतो.

या गुणांवर विश्वास किती ठेवायचा? माझं मत असं की फार थोडा. लिलावाच्या रात्री दिलेला गुण खेळाडूचा नसतो, संघाचाही नसतो. तो गुण देणाऱ्याच्या अपेक्षेचा असतो. आपल्या मनातल्या यादीशी संघाची यादी जुळली की 'ए', नाही जुळली की 'डी'. हे एकदा लक्षात आलं की ते प्रगतिपुस्तक करमणूक म्हणून वाचायला काही हरकत नाही. पण ही सवय आता मुंबईच्या हॉटेलांतून आपल्या वाड्यावस्त्यांत, मोहल्ल्यांत उतरली आहे, आणि तिथे ती करमणूक राहिलेली नाही. म्हणून हा लेख.

आधी आपल्या मातीतल्या खेळाचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईत प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचा लिलाव झाला. तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या चढाईपटूला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. तोवरची ती सर्वात मोठी बोली होती. प्रत्येक संघाला खर्चायला मिळून 4 कोटी 40 लाख होते. म्हणजे अर्ध्याहून जास्त तिजोरी एका माणसावर रिकामी झाली. आता गुण द्यायला बसलेल्या माणसापुढे दोनच वाटा होत्या. 'देशातला सर्वोत्तम चढाईपटू मिळाला, शाब्बास,' नाहीतर 'एकट्यावर इतका पैसा, बाकीचा संघ कसा उभा करणार?' दोन्ही मतं शहाणपणाचीच. आणि दोन्ही मतांचा कणा एकच, की हा संघ पवनमुळे तरेल किंवा पवनमुळे बुडेल.

प्रत्यक्षात काय झालं? ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली. उरलेला हंगाम तो बाहेरच बसला. 2 कोटी 26 लाखांचा माणूस खुर्चीत, संघ मैदानात. लिलावाच्या रात्री हे कळलं असतं तर थलायवाजला कोणीही 'ए' दिला नसता, 'एफ' दिला असता. आणि तोही चुकला असता! कारण त्याच हंगामात हा संघ इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे पुणेरी पलटणने त्यांना 39-37 असं अगदी दोन गुणांनी हरवलं. थलायवाजच्या चढाईचा भार वाहिला तो नरेंदर नावाच्या नवख्या पोराने. हा पोरगा मोठ्या बोलीतून आलेला नव्हता. नवोदित खेळाडूंची जी वेगळी भरती होते, तिच्यातून आला होता. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण कमावले.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण गुणांची मोठी गफलत इथेच आहे. कबड्डीचा संघ लिलावात बनतच नाही. त्याचा एक तुकडा तेवढा लिलावात बनतो. काही खेळाडू आधीच राखून ठेवलेले असतात, काही नवी पोरं लिलावाबाहेरून घेतलेली असतात, आणि प्रशिक्षक कोण, सराव कसा, पोरांचं आपापसात पटतं की नाही, याची तर बोलीच लागत नाही. टीव्हीवर दिसतो तो हातोडा आणि आकडा. गुण देणारा जे दिसतं त्यालाच गुण देतो. उत्तरपत्रिकेचं एकच पान तपासून शंभरपैकी गुण द्यावेत, तसा हा प्रकार.

यातलं सर्वात बोलकं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातला मुलगा. तोही पुणेरी पलटणकडे आठव्या हंगामात, 2021 मध्ये, नवोदित म्हणून आला. त्या लिलावाच्या रात्री चर्चा प्रदीप नरवालची होती, त्याला यूपीच्या संघाने 1 कोटी 65 लाख दिले होते. अस्लमचं नाव गुणपत्रिकेत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याच्यावर बोलीच लागली नव्हती. ऑक्टोबर 2023 मध्ये तो हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. 1 मार्च 2024 रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं, आणि हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. आपल्या घराघरांत त्या रात्री काय आनंद झाला, ते मी वेगळं सांगायला नको. पण आनंदाबरोबर हेही लक्षात ठेवायला हवं की तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याही प्रगतिपुस्तकात या मुलाचा रकानाच नव्हता.

मग मोठी बोली नेहमी चुकते का? नाही. तसं म्हणणं म्हणजे दुसऱ्या टोकाचा आंधळेपणा. त्याच पुणेरी पलटणने ऑक्टोबर 2023 च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला 2 कोटी 35 लाख दिले. तो त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पलटण जिंकली. म्हणजे एकाच विजेत्या संघात एक खेळाडू विक्रमी बोलीचा आणि कप्तान बिनबोलीचा. आणि त्याच लिलावात पवन सेहरावतवर पुन्हा सर्वात मोठी बोली लागली, तेलुगू टायटन्सची, 2 कोटी 60 लाख 50 हजार. यंदा त्याला दुखापत नव्हती, तो स्वतः चांगला खेळलाही. संघ मात्र 22 पैकी दोनच सामने जिंकून तळाला राहिला. खेळाडूचा गुण आणि संघाचा गुण हे दोन वेगळे पेपर आहेत, ते असे.

फुटबॉलचंही तेच. इंडियन सुपर लीगमध्ये सुरुवातीची काही वर्षं भारतीय खेळाडू ड्राफ्टने निवडले जात. ड्राफ्ट म्हणजे बोली नव्हे. संघांनी आळीपाळीने यादीतून एकेक नाव उचलायचं. गल्लीत दोन कप्तान उभे राहून 'हा माझा, तो तुझा' करतात ना, तेच मोठ्या प्रमाणावर. 23 जुलै 2017 ला असा ड्राफ्ट मुंबईत झाला. यादीत सर्वात महाग दोन नावं होती, अनस एडाथोडिका आणि युजेनसन लिंगडोह, प्रत्येकी 1 कोटी 10 लाख. लिंगडोहला कोलकात्याच्या एटीकेने उचललं. एटीके तेव्हा गतविजेता. गतविजेता संघ आणि त्यात यादीतला सर्वात महाग मधल्या फळीतला खेळाडू, कागदावर आणखी काय हवं? लिंगडोहचा बराचसा हंगाम दुखापतीत गेला आणि एटीके दहा संघांत नववा आला.

ही गुण द्यायची प्रथा आली अमेरिकेतून. तिथे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून खेळतात, अंगावर पट्टे-कवचं घालतात, तो. त्यांच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट 1936 पासून चालू आहे. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते, म्हणजे दुबळ्याला आधी हात घालू देतात. कल्पना न्यायाची आहे. पण मौज बघा, 1936 मध्ये निवडला गेलेला पहिलावहिला खेळाडू, जे बर्वांगर, या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याने दुसरा कामधंदा पत्करला. ड्राफ्टच्या इतिहासातलं पहिलंच नाव असं, तरी लोकांचा उत्साह कमी झाला नाही. आज तिथे सात फेऱ्यांत अडीचशेहून अधिक खेळाडू निवडले जातात, आणि दुसऱ्या दिवशी बत्तीस संघांना बत्तीस श्रेणी वाटल्या जातात.

त्यातली एक श्रेणी फार गाजली. 2012 मध्ये सिएटलच्या संघाने केलेल्या निवडीला अमेरिकेतल्या सर्वात नावाजलेल्या ड्राफ्ट-समीक्षकाने 'सी मायनस' दिला. एका संकेतस्थळाने तर सरळ 'एफ', नापास. त्या यादीत तिसऱ्या फेरीत, 75 व्या क्रमांकावर उचललेला रसेल विल्सन होता. उंची कमी म्हणून इतरांनी सोडलेला. दुसऱ्या फेरीतला बॉबी वॅगनर होता. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी 2014 मध्ये, हाच विल्सन आणि हाच वॅगनर खेळत असलेल्या सिएटलने अंतिम सामन्यात डेन्व्हरला 43-8 असं लोळवलं. टॉम ब्रॅडीची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 2000 साली 199 वा. त्याच्या जागेवर खेळणारे सहा जण त्याच्या आधी निवडले गेले. त्याने पुढे सात वेळा विजेतेपद मिळवलं.

कोणी म्हणेल, मास्तर, निवडून निवडून उदाहरणं दिली की काहीही सिद्ध करता येतं. बरोबर आहे. एका अस्लमवरून किंवा एका ब्रॅडीवरून नियम होत नाही. म्हणून मोजून काढलेली गोष्ट सांगतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी अमेरिकन ड्राफ्टची अनेक वर्षांची माहिती तपासली. हेच थेलर, ज्यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला फार आवडतो. एका जागेसाठी एक खेळाडू आधी निवडला गेला, त्याच जागेसाठी पुढचा खेळाडू त्याच्यानंतर निवडला गेला. यातला पहिला दुसऱ्यापेक्षा चांगला ठरला, असं किती वेळा झालं? उत्तर आलं शंभरातून 52 वेळा. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम दोन पावलं पुढे. लक्षात घ्या, हे गुण देणाऱ्या पत्रकारांचं मोजमाप नाही. वर्षभर खेळाडूंची चित्रफीत बघणाऱ्या, पगारी माणसं ठेवणाऱ्या, स्वतःचे पैसे लावणाऱ्या संघांचं आहे. पहिल्या फेरीतले खेळाडू शेवटच्या फेरीतल्यांपेक्षा सरासरीने सरस असतात, हेही त्यांना दिसलं. ढोबळ फरक माणसाला कळतो. बारीक फरक कळत नाही, आणि आपण मोजतो ती सगळी किंमत बारीक फरकाची असते. मग 'बी' आणि 'बी प्लस' यांतला फरक त्याच रात्री सांगणाऱ्याला काय म्हणावं?

इथे मला बीएडच्या वर्गात शिकलेल्या दोन शब्दांची मदत घ्यावीशी वाटते. विश्वसनीयता आणि सप्रमाणता. परीक्षेला बसताना सगळे पाठ करतात आणि शाळेत रुजू झाल्यावर विसरतात. चाचणी विश्वसनीय कधी? कोणीही तपासली, कितीही वेळा तपासली, तरी गुण साधारण तेच आले तर. आणि सप्रमाण कधी? जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं तर. दुकानदाराचा काटा रोज शंभर ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, रोज न चुकता तेवढंच दाखवतो. पण सप्रमाण नाही. गिऱ्हाईक रोज फसतं.

लिलावाच्या गुणांचं नेमकं हेच आहे. चार तज्ज्ञांनी एका संघाला 'ए' दिला की आपल्याला वाटतं, चौघे सांगतात म्हणजे खरंच असेल. पण चौघांनी तीच गेल्या वर्षीची आकडेवारी पाहिलेली असते, तीच नावं ऐकलेली असतात, एकमेकांचं लिहिलेलं वाचलेलं असतं. त्यांचं एकमत म्हणजे काट्याचा सारखेपणा. तो पुढच्या हंगामाबद्दल काही सांगत नाही. पुढचं सांगण्याची ताकद तपासायची तर एकच मार्ग आहे, थांबायचं आणि नंतर ताडून बघायचं. आणि ते कोणी करत नाही, कारण तीन वर्षांनी ते वाचायला कोणी येत नाही. गुण आज खपतात, म्हणून आज दिले जातात.

आपल्या रत्नागिरीकरांना हे आंब्यावरून चटकन कळेल. हापूस झाडावरून उतरतो तेव्हा हिरवा असतो. आकार, वजन बघून प्रत लागते, मोठा फळाचा चार डझनी खोका वेगळा, लहान फळाचा वेगळा. पेट्या वाशीला जातात, भाव लागतो. पण फळाच्या पोटात साका आहे की नाही, हे बाहेरून बघून कोणाच्या बापाला कळत नाही. कापल्यावरच कळतं. बागायतदार हे जाणतो, दलाल जाणतो, म्हणून दोघेही प्रत लावताना फळाच्या चवीची हमी देत नाहीत. प्रत म्हणजे प्रत, चव म्हणजे चव. लिलावाचे पंडित मात्र हिरवं फळ हातात धरून रसाची चव सांगतात.

आणि पुढच्या काळातल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर उत्तर बदलतं ते वेगळंच. 19 डिसेंबर 2023 ला दुबईच्या आयपीएल लिलावात कोलकात्याने मिचेल स्टार्कला 24 कोटी 75 लाख दिले. लिलावाच्या रात्री कोणी म्हणालं वेडेपणा, कोणी म्हणालं दूरदृष्टी. पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याने आठ षटकांत शंभर धावा दिल्या, बळी एकही नाही. तेव्हा वेडेपणा म्हणणारे जिंकले. मे महिन्यात पहिल्या पात्रता सामन्यात आणि अंतिम सामन्यात तोच सामनावीर ठरला, कोलकाता विजेता झालं. तेव्हा दूरदृष्टी म्हणणारे जिंकले. माणूस एकच, बोली एकच. निकाल कोणत्या तारखेला लावला, एवढाच फरक.

इथवर सगळं मजेचं आहे. पगारी खेळाडूंना कोणी 'डी' दिला तर त्यांचं काही बिघडत नाही, असं वाटू शकतं. पण बिघडतं. सुरुवातीचा गुण नुसता भविष्य सांगत नाही, तो भविष्य घडवतोही. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या दोघांनी 1995 मध्ये अमेरिकन बास्केटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्राफ्टमध्ये वर निवडलेल्या खेळाडूला मैदानावर जास्त वेळ मिळत होता आणि तो लीगमध्ये जास्त वर्षं टिकत होता. आता तुम्ही म्हणाल, चांगला खेळत असेल म्हणून. नाही. खेळ सारखाच असलेल्या दोन खेळाडूंतही, वर निवडलेल्याला जास्त संधी होती. पैसे गुंतवले आहेत, मग खेळवा त्याला. आपली निवड चुकली असं म्हणायला कोण तयार होतं? म्हणजे पहिल्या रात्रीचा आकडा पाच-पाच वर्षं खेळाडूच्या पाठीवर बसून राहतो. आणि मग आपण म्हणतो, बघा, वर निवडलेलेच जास्त खेळले!

शिक्षकांना याचा जुना भाऊबंद आठवेल. 1968 मध्ये रोझेंथल आणि जेकबसन यांनी एका अमेरिकन शाळेतला प्रयोग पुस्तकरूपाने मांडला. शिक्षकांना सांगितलं की चाचणीनुसार वर्गातली ही ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार आहेत. खरं तर ती नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी काढलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखरच इतरांच्या पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर नंतर भरपूर वाद झाले, परिणाम सांगितला तेवढा मोठा नसतो असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं. तरी वर्गात उभं राहणाऱ्या कोणालाही यातला खरा अंश नाकारता येणार नाही. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला आपण प्रश्न जास्त विचारतो, उत्तराची वाट जास्त बघतो.

आता आपल्या वाडीत या. गेल्या काही वर्षांत कोकणात वाडीवाडीची, मोहल्ल्यामोहल्ल्याची प्रीमियर लीग निघाली आहे. टेनिस बॉलचं क्रिकेट, दोन-तीन दिवसांची स्पर्धा, आणि त्याआधी लिलाव. संघमालक टेबलांवर बसतात, कोणी सौदीहून सुट्टीवर आलेला, कोणी बांधकामाचा ठेकेदार. पडद्यावर पोराचा फोटो येतो, नाव पुकारलं जातं, पॉइंटांत बोली लागते. हौस आहे, गाव एकत्र येतं, परदेशातले लोक मोबाईलवर बघतात. मला यात काही वाईट दिसत नाही. वाईट आहे ते त्या रात्रीनंतरचं. ग्रुपवर संघांच्या श्रेण्या फिरतात, सर्वात महाग खेळाडूचं पोस्टर फिरतं, आणि कोणालाच न घेतलेल्या पोरांची यादीही फिरते. वरती इंग्रजी शब्द, 'अनसोल्ड'.

मी शिकवतो त्या वर्गात अशा यादीतला एक मुलगा आहे. नववीत, डावखुरा, वयाने लीगमध्ये सर्वात लहान. त्याला कोणी घेतलं नाही यात गैर काही नव्हतं, मोठ्या पोरांच्या खेळात त्याचा नंबर कसा लागणार? पण लिलावाच्या दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव अनसोल्ड पडलं. हजेरीला मी त्याचं नाव घेतलं की मागच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द पुटपुटायचं. आधी तो हसायचा. मग हसेनासा झाला. शनिवारी शाळेच्या मैदानावर इतर मुलं उतरली की हा व्हरांड्यात बसून राहू लागला. "क्यूं रे, खेलता नहीं?" असं विचारलं तर म्हणाला, "सर, मेरेकु कौन लेगा?" चौदा वर्षांच्या मुलाने एका रात्रीचा भाव स्वतःची किंमत म्हणून पचवला होता. त्याने एकही सामना हरलेला नव्हता. त्याला सामना मिळालाच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं गुण देणं बंद करा असं नाही. गुण देणं माझा पोटापाण्याचा धंदा आहे. शाळेत आपण आकारिक आणि संकलित असं दोन प्रकारचं मूल्यमापन करतो. आकारिक म्हणजे शिकता शिकता घ्यायचं, कुठे कच्चं आहे ते बघून मदत करण्यासाठी. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी, काय साधलं ते नोंदवण्यासाठी. लिलावाच्या रात्रीचा गुण फार तर आकारिक असू शकतो: या संघाकडे डावा कोपरारक्षक नाही, या संघाने सगळे पैसे चढाईवर घातले, या संघातली निम्मी पोरं तिशीपुढची आहेत. ही माहिती उपयोगाची आहे, बरीचशी खरीही असते. तिला 'ए' आणि 'डी'चा शिक्का मारला की मात्र ती संकलित होऊन बसते, आणि सत्र तर अजून सुरू व्हायचं असतं.

लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या क्रीडा पत्रकारांकडे माझं एकच मागणं आहे. यंदाच्या श्रेण्यांशेजारी तीन वर्षांपूर्वीच्या आपल्याच श्रेण्या छापा, आणि त्या हंगामाचा निकालही. वाचक मग आपोआप ठरवतील तुमच्या 'ए'ला किती वजन द्यायचं. ज्या वैद्याचे जुने रोगी बरे झाले, त्याच्याकडेच लोक जातात. हा साधा हिशेब खेळाच्या पंडितांना का लागू नसावा?

वाडीतल्या लीगवाल्यांकडे मागणं थोडं जास्त आहे, कारण तिथे आपलीच पोरं आहेत. न घेतलेल्यांची यादी ग्रुपवर टाकू नका, ती कोणाच्याही उपयोगाची नाही. लिलाव संपल्यावर उरलेली नावं चिठ्ठ्या टाकून संघांत वाटा, म्हणजे ज्याने नाव दिलं तो खेळेल. सोळा वर्षांखालच्या मुलांवर बोली लावूच नका, त्यांचा सामना वेगळा ठेवा. आणि प्रत्येक संघाने उरलेल्यांतल्या एका तरी पोराला निदान दोन षटकं द्यावीत असा नियम करा. प्रो कबड्डीने नवोदितांसाठी लिलावाबाहेरचं एक दार उघडं ठेवलं नसतं, तर अस्लम इनामदार आणि नरेंदर त्या मैदानावर आले कुठून असते? हे दार मोठ्या लीगला परवडतं, आपल्या दोन दिवसांच्या लीगला न परवडायला काय झालं?

आपल्या घरांत उद्याचं काही बोलताना 'इन्शाअल्लाह' म्हणायची रीत आहे. लहानपणी आई आठवण करून देते, पुढे जीभ आपोआप म्हणते. पुष्कळदा तो शब्द काम टाळायला वापरतात, ते सोडा. त्याचा मूळ अर्थ नम्रतेचा आहे: मी माझ्याकडून ठरवलं आहे, पण उद्या माझ्या हातात नाही. एखाद्या पोराबद्दल, खेळातल्या किंवा अभ्यासातल्या, 'याचं काही होणार नाही' असं सांगणाऱ्याच्या तोंडी मात्र हा शब्द कधी ऐकू येत नाही. तिथे सगळ्यांना उद्याची पक्की खबर असते.

तो नववीतला मुलगा क्रिकेटपटू होईल की नाही, मला माहीत नाही. बहुधा होणार नाही. बहुतेक मुलं होत नाहीत, त्यात दुःख करण्यासारखंही काही नाही. पण तो शनिवारी मैदानावर उतरला पाहिजे, एवढं मला कळतं. डिसेंबर आला की लीगचे बॅनर लागतील, नावनोंदणी सुरू होईल. आयोजकांपैकी कोणी हे वाचत असेल तर चिठ्ठ्यांचा डबा आत्ताच बाजूला काढून ठेवा.